चपट्या बाजूचे मणी

१२ नोव्हें., बुध.

रबरी चेंडू आज उकिरड्यावर सापडला. परवा गोठ्यामागं होता. डॉक्टरांनी सांगितलंय, उजव्या मुठीत धरून दाबत राहा. आमचे मालक दाबत नाहीत, फेकतात. डाव्या हातानं, अन् चांगला लांब जातो. म्हटलं, एवढा लांब फेकता म्हणजे अंगात जोर आहे की. तर म्हणाले, "मी काय पाळण्यातलं लेकरू हाय का?"

पोळ्यानंतर त्यांना लकवा आला. पाय सुधारला, जीभ सुधारली. (जीभ जरा उशिरा सुधारली असती तरी चाललं असतं, असं कधी कधी वाटतं. देवा, माफ कर.) उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो. आसपासच्या गावांना संक्रांतीची सुगडं याच हातानं पुरवली.

चाकावर पोतं टाकलंय. त्यांनीच टाकायला लावलं. 

१६ नोव्हें., रवि.

माजलगावला जाऊन आले. उरल्यासुरल्या मातीचे मणी केले होते, ते भाजून रुखसाना भाभीकडे नेले. भाभी पटवेकरीण. दागिने ओवायचं, गोंडे बांधायचं काम त्यांच्या घरात पिढ्यांचं. मी मणी करते, ती माळा करून दुकानात टांगते. दरवर्षीचं आहे हे.

सुई घातली, जाईना. बारीक सुई घेतली, तीही जाईना.

"सुनंदा, हे मणी हायत का फुटाणे? भोक कुठंय बाई?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाभळीच्या काट्यानं भोक पाडते, आईनं शिकवलं तसं. ओल्या मण्यातून काटा आरपार जात होता. पण भाजताना माती आवळली अन् भोकं बुजली. माहेरची माती वाळूची, ती फार आवळत नाही. इथली धरणाच्या फुगवट्यातली, चिकट. ती आवळू नये म्हणून गाढवाची लीद किती घालायची ते मालक बघायचे, मी नुसती मळायची. यंदा पहिल्यांदाच माझी मी कालवली. कुंभाराच्या पोटी जन्मले, कुंभाराच्या घरी नांदले, अन् भोक बुजवून बसले.

घरी येऊन पिशवी आपटली. मातीचा विषय घरात काढायचाच नाही असं झालंय. त्यांनीच पिशवीतून एक मणी काढला, उजेडाकडे धरला.

"लीद कमी पडली."

एवढंच. आजारानंतर मातीबद्दल बोललेला पहिला शब्द. आत जाऊन रडले, मग भाकरी थापल्या.

१९ नोव्हें., बुध.

संतोष आला होता आष्टीहून. थोरल्या दिरांचा मुलगा. तोही मडकी करतो. त्याचं चाक तडकलंय.

"नाना, तुमचं पडूनच हाय. मी नेऊ का? संक्रांतीचा माल काढायचा हाय."

मालक रस्त्याकडे बघत म्हणाले, "ने."

विळा मागितला असता तरी जास्त विचार केला असता. मीच मध्ये पडले. म्हटलं, मार्गशीर्ष सरू दे, मग बघू. संतोष गुणाचा पोरगा. मुकाट्यानं चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर मी भांडले. "चाक गेलं की तुमी बी गेलाच म्हणा!" नको ते तोंडातून गेलं. पण मला तसंच वाटतं, लपवून काय करू? चाक दारात आहे तोवर हा माणूस उठेल अशी आशा आहे. ते गेलं की मग कशासाठी उठायचं?

२४ नोव्हें., सोम.

सकाळी त्यांच्याजवळ मातीचा गोळा ठेवते. दुपारपर्यंत वाळतो. पुन्हा भिजवते, पुन्हा ठेवते. गोळा अन् मी, दोघंच कामाला.

भाभीला फोन केला. ती म्हणाली, "करा करा म्हणून मागं लागू नको. तू त्याच्यासमोर बसून बिघडव. बाप्या माणसाला दुसऱ्यानं बिघडवलेलं बघवत न्हाई." तिचा नवरा मेकॅनिक आहे, अनुभवाचं बोलत असेल.

२७ नोव्हें., गुरु.

भाभीचा उपाय केला. आमच्यात बाई चाकावर बसत नाही. पण हातानं घडवायला कोणाची ना नाही. म्हणून त्यांच्या पुढ्यात बसून, अंगठ्यानं दाबत दाबत एक छोटं सुगड केलं. मुद्दाम वाईट करायचं ठरवलं होतं. मुद्दाम काही करावंच लागलं नाही.

"काठ बघ. अगं, काठ बघ की!"

"बघतेय की."

"कुठं बघती? बेडकाचं तोंड झालंय त्याचं."

हसले. मीही हसले. मग त्यांनी एकदम काहीतरी आठवल्यासारखं करून मान रस्त्याकडे वळवली. तरी पण. हसले.

३ डिसें., बुध.

आजचं नीट लिहिते.

दुपारी मणी वळत होते. ताट भरलं. ओले मणी ठेवायला जागा उरली नाही. मालक शेजारीच टेकून बसलेले, उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. मी कामाच्या नादात त्याच्यावरच मणी ठेवत गेले. माणसाचा हात आहे हेही ध्यानात नाही.

"गार लागतंय."

म्हटलं, शाल आणू का?

"शाल न्हाई गं. हातात. हातात गार लागतंय."

डॉक्टरांनी त्याच तळव्याला टाचणी टोचली होती तेव्हा कळलं नव्हतं त्यांना. मी एक मणी उचलला, पुन्हा ठेवला. "आता?"

"आता बी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मणी तसेच हातावर राहू दिले.

५ डिसें., शुक्र.

मणी वळायला दोन तळवे लागतात, पण फिरतो एकच. खालचा नुसता असला तरी भागतं. ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. आज त्यांनी न सांगता उजव्या तळव्यावर मातीची गोळी ठेवली अन् वरून डावा हात फिरवला.

उजवा हात वरच्या दाबाला उलटा दाब देत नाही, म्हणून मणी एका अंगानं चपटा होतो. त्या अंगावर तळहाताच्या रेषा उमटतात.

"बायकांचं काम हे."

"मग बायकांसारखं नीट करा."

रागानं बघितलं. पण संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

९ डिसें., मंगळ.

रोज करतायत. काल लीद त्यांनीच सांगून घालून घेतली, "अजून, अजून, आता पुरे" करत. चेंडू कुठं आहे ठाऊक नाही. असू दे कुठंही.

१३ डिसें., शनि.

काल कापसाची पऱ्हाटी अन् गोवऱ्या लावून भट्टी भाजली. भोकं मोकळी राहिली. माझे मणी अन् त्यांचे मणी वेगळे काढले अन् दोन्ही भाभीकडे नेले.

भाभी त्यांचे मणी हातात खेळवत बसली. म्हणाली, "सरळ बसत न्हाईत हे. लोळत्यात." मग सगळ्या चपट्या बाजू समोर येतील असं ओवलं, मधे बारीक काळे मणी, खाली लाल गोंडा. एकच माळ झाली. काय दिसत होती! दुकानात दर्शनी टांगून आले. येताना यष्टीत उभी होते तरी पाय दुखले नाहीत.

१५ डिसें., सोम.

सांगितलं. वाटलं, माळ टांगली ऐकून खूश होतील.

"कुणाला इचारून नेलेस?"

मी पदराला हात पुसले.

"या घरातलं वाकडं भांडं कधी उंबऱ्याबाहेर गेलंय का? आबा जागेवर फोडायचे. अन् तू माझं लंगडं काम बाजारात टांगून आलीस?"

सासरे खरंच फोडायचे. मी नवी होते तेव्हा एक रांजण फोडलेला पाहिलाय. मला नुसता बाक दिसला होता, गळत नव्हता काही नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण माळ टांगली त्या दिवशी मला वाकडं दिसलंच नाही, मी काय करू? मला हात कामाला लागलेला दिसत होता.

भाभीला लगेच फोन केला, माळ काढून ठेव म्हणून. तर ती म्हणे, गेली. काल इकली.

१६ डिसें., मंगळ.

माती नाही. बोलणं नाही. जेवले, निजले. गोळा ठेवायची माझी हिंमत झाली नाही. माझ्याच हातानं घालवलं सगळं.

१८ डिसें., गुरु.

भाभी न कळवता आली, पदरात बोरं बांधून. मालकांनी पाठ फिरवली. ती त्यांच्या पाठीशीच बोलत राहिली.

"भाऊ, रागवा मला. मी टांगली, मी इकली. एक मास्तरीण आलती. माझ्याकडं लई चांगल्या माळा हायत, सगळ्या दाखवल्या. ती आपली तुमच्या माळेच्या चपट्या अंगावरनं अंगठा फिरवत बसली. म्हणली, याच्यावर कुणाचा तरी हात हाय. हीच द्या."

मालकांनी पाठ तशीच ठेवून विचारलं, "काय म्हणली?"

भाभीनं पुन्हा सगळं सांगितलं.

ती गेल्यावर मला म्हणाले, "खरंच म्हणली असंल का गं?"

आता भाभी काचेला हिरा म्हणून विकणारी बाई. देवच जाणे मास्तरीण होती की नव्हती. म्हटलं, "भाभी कशाला खोटं बोलंल?" अन् बोरं धुवायला घेतली.

२१ डिसें., रवि.

मार्गशीर्ष सरला. संतोष टेम्पो घेऊन आला.

मला खात्री होती, आता नाही म्हणतील. हात कामाला लागलाय, मणी झालेत, आता चाक कशाला देतील?

"ने," म्हणाले.

मी चाकापुढं जाऊन उभी राहिले. "न्हाई म्हणा त्याला." संतोष बिचारा कावराबावरा. "काकू, मी रिकामा जातो. भांडू नका."

"बाजूला हो," मालक म्हणाले. ओरडून नाही, हळूच. "चाक रिकामं बसवून ठेवायचं नसतं. माझ्यानं फिरत न्हाई, त्याच्यानं फिरू दे."

"अन् तुमचा हात बरा झाला तर?"

"तर जाईन त्याच्याकडं. आष्टी काय परदेशात हाय का?"

मला हळदीकुंकू आणायला सांगितलं. नाही आणलं. स्वतः पाय ओढत आत गेले, डाव्या हातानं चाकाला हळदीकुंकू लावलं, पाया पडले. संतोषबरोबरच्या पोरांनी चाक उचललं. खालचा खुंटाही उपटून नेला.

अंगणात भोक राहिलं. मी जेवले नाही. त्यांनी दोनदा हाक मारली, ओ दिली नाही.

२२ डिसें., सोम.

उठले तर मालक आधीच अंगणात. खुंट्याच्या भोकात पायानं माती सारत होते. भरलं, दाबलं, वर सतरंजी टाकली अन् बरोबर तिथंच, जिथं जन्मभर चाक होतं, मांडी घालून बसले. मी चुलीपासून बघत होते. एवढी वर्षं ती जागा चाकाची होती. त्यांना असं मधोमध बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ऐसपैस झालं," स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, "माती दे."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"लीद मागच्यापरीस जास्त घाल. अन् ऐक. माझे मणी भाजल्यावर मी बघणार. कोणते जायचे अन् कोणते फोडायचे ते मी सांगंन. इचारल्याबिगर एक बी न्यायचा न्हाई."

म्हणजे काही जायचे आहेत.

हात येईल का, कोणास ठाऊक. डॉक्टर पुढच्या महिन्यात बघणार. संक्रांतीची सुगडं यंदा आष्टीहून येतील, अन् गावातल्या बाया विचारतील, कावून, यंदा तुमची का न्हाई म्हणून. काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही. चाक जायला नको होतं, असं मला आजही वाटतं. माझा राग गेलेला नाही, ते त्यांनाही कळलंय.

माती भिजवली. दोघांना पुरेल एवढी.