झडपेवरील पाच बोटे

मी, चिमाजी दत्तोबा मांडेकर, वय त्रेपन्न, व्यवसाय लेथ व तदनुषंगिक लोहकर्म, राहणार निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे, आज स्थिरचित्त असून कोणाच्याही धाकदपटशाविना माझी अंतिम इच्छा लिहून ठेवीत आहे. टंकन वकीलबाईंचे, मजकूर माझा. विशेषणे गाळण्याचा त्यांचा सल्ला मी साभार फेटाळला आहे.

माझी एकमेव कन्या विजयश्री परवा आमच्या शेडमध्ये आपल्या रॉकेटच्या इंजिनाचे पुनश्च परीक्षण करणार आहे. रॉकेल आणि द्रवरूप प्राणवायू यांच्या संयोगाने हे यंत्र नऊ किलोचा उपग्रह अंतराळात नेईल, अशी तिची मूळ योजना. प्राणवायूची झडप या वेळी मी हाताने उघडणार आहे. मागील खेपेस ती आमचा फिटर शेखर याने उघडली होती. म्हणून हा खटाटोप.

कलम १. वर्कशॉप व तीन लेथ विजयश्रीस. दुसऱ्या लेथचा चक, म्हणजे काम धरणारा जबडा, अकस्मात निसटतो. त्याने आजवर माझे दोन दात आणि एका कारागिराचे कानशील भक्षण केले आहे. त्याच्यासमोर कोणीही विनम्रपणे वाकू नये.

कलम २. चुलतबंधू समाधान यास त्याचाच एक दात. शेखरच्या चितेपाशी तो म्हणाला होता, "चिमाजीरावांचा दिवाळीचा बाण फुसका न्हाई निघाला, राव!" तदनंतर घडलेल्या विचारविनिमयात सदर दात माझ्या डाव्या मुठीत राहिला. तो नटबोल्टच्या डाव्या खणात आहे. पुसून द्यावा.

कलम ३. रावेत येथील सदनिका शेखरची पत्नी पूनम हिला. हे दान नव्हे. कारण पुढीलप्रमाणे.

गेल्या खंडेनवमीस शेडमध्ये अवजारांची पूजा होती. "बाबा, द्रव प्राणवायूला तेलाचा थेंब जरी लागला ना, तरी स्फोट होतो. झडपेला लांबूनच नमस्कार करा हं," असे विजयश्रीने मला तीनदा बजावले. मी तीनदा मान डोलावली. तथापि आमच्या मातोश्री आक्काबाई यांची शिकवण अशी, की बिनपूजेचे अवजार मालकाचे रक्त मागते. कन्या जेवायला जाताच मी झडपेच्या तोंडावरची टोपी काढली आणि तेलात कालवलेला शेंदूर उजव्या हाताच्या पाचही बोटांनी आतल्या बाजूस लावला. आत अशासाठी, की बाहेर लावला असता तर तिला दिसला असता. टोपी पूर्ववत बसवून मी प्रसादाचे दोन पेढे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी शेखरने झडप उघडली. तिचे तुकडे त्याच्या छातीतून आरपार गेले. त्याला जमिनीवर पडायलाही अवधी मिळाला नाही. पाठीमागच्या भिंतीनेच त्याला धरले. मी शेजारी होतो. माझी तीन बोटे गेली, लावणाऱ्या पाचांपैकीच.

शेंदूर जळून गेला, पुरावा उरला नाही. झडपेची भिंत आपणच पातळ ठेवली, असा निष्कर्ष विजयश्रीने काढला. नवी झडप तिने इतकी जाड केली, की यंत्र पाच किलोने जड झाले. आता नऊ किलोंऐवजी चारच किलोचा उपग्रह जाईल, आणि तेवढा हलका उपग्रह तिच्याकडे कोणी आणलेला नाही. तिने टेबलावर शेखरचा फोटो ठेवला आहे. त्याखाली तिच्या अक्षरात दोन शब्द आहेत: माझी चूक. मी रोज त्या टेबलावर चहा घेतो.

हे कलम तिने माझ्या मृत्यूनंतरच वाचावे.

कलम ४. शेड ज्या शेतात उभी आहे, त्यातील माझा हिस्सा कनिष्ठ बंधू सोनबा यास. पूजेच्या दिवशी शेंदराची वाटी त्याच्याच हाती होती आणि मी टोपी काढताना त्याने पाहिले होते. शेखरच्या तेराव्याला तो शेडमध्ये येऊन म्हणाला, "दादा, त्या झडपेचं..."

उरलेले वाक्य बाहेर पडू नये म्हणून मी डाव्या हाताने पाइप-पाना उचलला. पहिला घाव त्याच्या उजव्या कोपरावर. दुसरा त्याच कोपरावर. तिसरा तो खाली पडल्यावर, त्याची आवश्यकता नसताना. धावत आलेल्या कामगारांस मी बांधाचा वाद सांगितला. पोलिसांस सोनबाने जिन्यावरून पडलो असे सांगितले. आमच्या घराला जिना नाही.

पुरवणी. वरील मजकूर आज रहाटणी येथे वकीलबाईंच्या कार्यालयात मी सोनबास वाचून दाखविला. मी म्हणालो, "त्या दिवशी अर्धवट राहिलेले वाक्य पुरे कर."

"माझ्यावर घाल, म्हननार व्हतो," तो म्हणाला. "त्या झडपेचं माझ्यावर घाल. पोरीला सांग, काकानं शेंदूर लावला. तिला कारन बी कळंल आन् बाप बी नजरंतून उतरायचा न्हाई. पर तू पाना मधीच आनलास."

हे वाक्य विशेषणाविना टंकण्यास मी वकीलबाईंना सांगितले.

"आता हे तिला कवा कळनार?" त्याने विचारले.

"माझ्या पश्चात."

"आन् परवा जिता राहिलास तर? तू मरायची वाट बघत उपग्रह खाली बसवायचा व्हय?"

त्याने साक्षीदार म्हणून सही करण्याचा हट्ट धरला. ज्यास लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सुचविले. सोनबा म्हणाला, "मंग जमीन खोडा. सही मीच करनार."

सबब कलम ४ मधील जमीन रद्द, मारहाण कायम. कलम ३ मधील शेवटचे वाक्यही रद्द. प्रत विजयश्रीस आजच द्यावी.

स्थळ: रहाटणी. दिनांक: १२ मार्च २०२६.

लिहून ठेवणार: चिमाजी दत्तोबा मांडेकर (दोन बोटांत पेन धरून)

साक्षीदार:
१. सोनबा दत्तोबा मांडेकर (सही डाव्या हाताची, उजव्याविषयी पाहा कलम ४)
२. अॅड. साधना शेवकरी

पोच: प्रत मिळाली, पूर्ण वाचली. पूनमताईंकडे मी स्वतः घेऊन जाते आहे. जाड झडप काढून पहिल्या मापाची बसवते, त्यामुळे परीक्षण आठवडाभर पुढे. या वेळी ती कोणीच हाताने उघडणार नाही. काकांनी यावं. बाबांनी शेडमध्ये पाऊल टाकू नये.
विजयश्री