वेंडेल रेकॉर्ड घेऊन जातो कुठे

डेट्रॉइट, ११ फेब्रुवारी १९७९

प्रिय ताईस,
धाकट्या आर्डेलियाचा सा. न. वि. वि.

पत्राला कारण वेंडेल. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून नवरोबांना एकच उद्योग, जुनी सोल गाणी, आपल्या चर्चच्या सुरातली ती प्रेमाची. रेकॉर्डवरची धूळ तो इतक्या मायेने पुसतो की आमच्या पोरांची तोंडंही तशी कधी पुसली नसतील. कोण गायलं, मागे ट्रम्पेट कुणाचा, सगळं तोंडपाठ.

तर ताई, हाच माणूस हल्ली घरी एकही रेकॉर्ड लावत नाही. उलट दर मंगळवारी जेवण झालं की दाढी करतो, चर्चला घालायचा तपकिरी कोट चढवतो, दोन-तीन रेकॉर्ड पिशवीत टाकतो आणि निघतो. कुठे विचारलं तर म्हणाला, लॉयडकडे, कारखान्यातल्या त्याच्या जुन्या मित्राकडे. आज चर्चमध्ये लॉयडच भेटला. म्हणाला, नाताळापासून वेंडेल आहे कुठे, दिसला नाही.

बोलणंही तुटलंय. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नाही. समोर बसले की मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो, जणू मला काही कळलंय का ते ताडतोय. तुला काय वाटतं ते लिही.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, आर्डेलिया

सेल्मा, १९ फेब्रुवारी

चि. आर्डीस,
ताईचे अ. उ. आ.

मला जे वाटतं तेच तुलाही वाटतंय, फक्त ते तुला माझ्या हातून लिहून हवंय. घे लिहून. बाई आहे. तुला त्याने कसं पटवलं ते विसरलीस वाटतं. आपल्या पडवीत रेकॉर्ड काखेत मारून आला होता, आणि बाबा म्हणाले होते, पोराला पाठवा परत, रेकॉर्ड राहू दे. तेच हत्यार आता दुसऱ्या कुणाच्या पडवीत चाललंय.

तुझे भावजी म्हणतात, उगाच माणसावर संशय घेऊ नका. पुरुष पुरुषाचीच बाजू घेणार. तू रडू नकोस, भांडूही नकोस. आधी कोटाचे खिसे बघ, मग त्याच्या मागोमाग जा. टाचांचे बूट घालू नकोस, वाजतात.

जेवत जा. माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.
तुझी ताई, कोरिंथिया

डेट्रॉइट, २५ फेब्रुवारी

प्रिय ताईस, सा. न.

खिसे बघितले. आत पेपरमिंटच्या गोळ्या आणि एक छोटा गोल आरसा निघाला, बायकांच्या पर्समध्ये असतो तसला. माझा नाही. आणि काल बाथरूमचं दार किलकिलं होतं म्हणून दिसलं, आरशापुढे उभा राहून साहेब ओठ हलवत होते, आवाज न काढता. कुणाला काय बोलायचं त्याची तालीम चालली असणार.

या मंगळवारी जाते. काय निघेल त्याला तयार आहे असं लिहिलं असतं, पण तुझ्याशी खोटं कसं बोलू.

मनातून दूर करू नकोस.
आर्डी

डेट्रॉइट, ४ मार्च

प्रिय ताईस,
आर्डीचा सा. न. वि. वि.

गेले. तो बसमध्ये पुढे, मी स्कार्फ ओढून मागे. वाचनालयापाशी उतरला आणि तळघरात गेला. दाराच्या काचेतून बघितलं तर बाई होती. आमच्या थोरल्या लेकीच्या वयाची, देखणी, ओठांना लालभडक रंग. वेंडेल तिच्यासमोर बसून तिच्या ओठांकडे एकटक बघत होता.

मग दिसलं की खोलीत आणखी चार-पाच म्हातारे आहेत, आणि रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कुठेच नाही. बाईने वेंडेलच्या पिशवीतली रेकॉर्ड काढली आणि त्यावरच्या एका गाण्याची ओळ नुसते ओठ हलवून म्हटली. वेंडेलने हसून गाण्याचं नाव सांगितलं. बाईने मान डोलावली, बरोबर ओळखलं होतं.

ताई, त्याचे कान जात चाललेत. मोटारींचे पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांपाशी जन्म काढला, त्याचं हे फळ. उजवा पुरता गेला, डावाही जाणार असं डॉक्टरांनी नाताळाआधीच सांगितलं होतं. ती बाई ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवते, तो आरसाही त्याच सरावाचा. ज्याला जे पाठ असेल ते त्याने आणायचं. शेजारचा म्हातारा बायबल आणतो, आमचा रेकॉर्ड.

बसथांब्यावर गाठलं तेव्हा हे सगळं त्याच्याकडून कळलं, आणि मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. म्हणाला, तू हळहळत बसली असतीस, आणि घरात दुखवटा पडला असता. मी म्हटलं, मेल्या, मी तुझं वाटोळं चिंतत बसले होते त्यापेक्षा दुखवटा बरा. ते त्याला कळलं नाही, म्हणून तोंड त्याच्याकडे करून परत म्हटलं. थंडीत उभे राहून दोघंही हसलो, आणि मग मला रडू आवरेना. विचारलं, तुझी गाणी आता कशी रे ऐकणार. म्हणाला, गाण्यांची काळजी नाही, ती सगळी डोक्यात वाजतात, ट्रम्पेटसकट. तुझा आवाज मात्र कुठल्याच रेकॉर्डवर नाही.

तेव्हा यापुढे माझी पत्रं आखूड येतील. संध्याकाळी डावा कान माझ्याकडे करून तो बसतो आणि मी बोलते. कोबीचा भाव, शेजारणीची भांडणं, तोंडाला येईल ते. काल घसा बसला तरी तो उठेना.

भावजींना सांग, बरोबर तेच होते. तुझा राग आणि माया, दोन्ही येऊ देत.
तुझी, आर्डी