बऱ्या झालेल्या खांद्याची कैफियत

यांगचौ,
अर्धा हिवाळा सरला.

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या गुआनलिनचा वाकून नमस्कार. तिकडे थंडी कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

खांदा आखडला म्हणून मी सुया टोचून घेतो, हे ऐकून तू घाबरलीस. भिण्यासारखं काही नाही. आधी जीभ दाखवायची. मग डॉक्टर शाओबाई मनगट धरून विचारतात, झोप लागली का, जेवलात का, पोट साफ झालं का. (संसार अर्ध्यावर टाकून युएझेन गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. पोटाचं तर तिनेही कधी विचारलं नाही.) मग दुखऱ्या खांद्यासाठी सुई नडगीत! डास चावल्याइतकीच टोचते, पण आत गेली की पाय जड होतो, ठणकतो, आणि तो ठणकला की बाई खूश. पुढे अर्धा तास हलायचं नाही. एका खोलीत सहा खाटा, अंगात सुया असल्या तरी सगळ्यांची तोंडं मोकळी. सुना, जावई, कोबीचा भाव, सगळं निघतं. घरी मला बोलायला भिंत आहे. म्हणून खांदा बरा झाला तरी हात वर जात नाही, असं मी कण्हून सांगत राहिलो.

परवा शेजारच्या खाटेवरच्या छ्यूबाईंचा फोन वाजला. परदेशातल्या मुलाचा, त्याला क्वचितच आई आठवते. बाईंच्या दोन्ही हातांत सुया, माझ्या नुकत्याच काढलेल्या. मला म्हणाल्या, "अहो फेईभाऊ, घ्या ना तो! मेला परत फोन नाही करायचा!" मागचापुढचा विचार न करता मी त्याच 'दुखऱ्या' हाताने उंच फळीवरचा फोन काढला आणि बोलणं संपेपर्यंत त्यांच्या कानाशी धरला. त्या रडल्या, थोडा मीही. वर पाहतो तर समोर शाओबाई.

"काका, हात झकास चालतोय की! आता यायची गरज नाही तुम्हाला."

"पेढे काढा, फेईभाऊ!" सगळी खोली हसली. मीही हसलो. घरी येऊन एकट्यापुरता भात टाकला आणि ताई, फार वाईट वाटलं.

तुझा,
गुआनलिन

ता. क. तुझा गुडघा नेमका कसा दुखतो, ते सविस्तर कळव. जिना चढताना की उतरताना? शाओबाई खोदून विचारतात.

आणखी ता. क. राहू दे, लिहू नकोस. गुडघा घेऊन तूच ये. मी दवाखान्यातल्या बाकावर बसेन. सोबत आलेल्या माणसाचं काही दुखावं लागत नाही.