चारनंतरचा धूर

रत्तेवाल मंडी, जि. संगरूर
मंगळवार, २२ ऑक्टोबर

लाडक्या मिंदोस,

तुझ्या वीरजीचा, थोरल्या भावाचा, सत श्री अकाल. जिजाजींना नमस्कार सांग. वाहेगुरूच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे. तुझी जिंदर भाभीही ठीक, म्हणजे जीभ पूर्वीसारखीच चालते. मला वही घेऊन बसलेलं पाहून म्हणाली, "फोन मेला काय तुमचा?" म्हटलं, बाई, काही गोष्टी फोनवर निघत नाहीत. फोनवर तू मध्येच खोकतेस आणि मी घाईघाईने म्हशीचं सांगायला लागतो.

तर म्हशीचं आधीच सांगून टाकतो. व्याली, रेडी झाली, दूध छान आहे.

भात मागच्या आठवड्यात कापून झाला. पेंढा शेतातच आहे आणि मी त्याला काडी लावलेली नाही. गेल्या वर्षीही लावली नव्हती. पेंढा कापून पसरत त्यातच गहू पेरणारं यंत्र सोसायटीकडून आणलं होतं. मिंदो, काय हसले गं लोक! शेजारचा मक्खन बांधावर उभा राहून ओरडला, "बचित्तर, शेताची दाढी करायला विसरलास की न्हाव्याशी भांडण झालं?" पंधरा दिवस रान असं दिसत होतं की मलाच तिकडे जायची लाज वाटायची. रोज सकाळी पेंढा बाजूला करून खाली बघायचो. मग एक दिवस हिरवे कोंब दिसले, ओळीने, अगदी शहाण्यासारखे. मी तिथंच मातीत बसलो आणि साठी उलटलेला माणूस एकटाच हसत सुटलो. गहू चांगला पिकला. यंदा मक्खननेच विचारलं, "तुझं झालं की ते यंत्र माझ्याकडे पाठवशील?"

मक्खनचं नाव निघालं, तर आता लिहूनच टाकतो. जिंदर म्हणते, तीन वर्षं गिळून बसलात, आता ओका.

तुला आठवतं, त्या वर्षी भाऊबीजेचा टिक्का लावायला तू दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आलीस. साडेपाचच्या बसने. स्टँडपासून घरापर्यंत यायलाच तुला अर्धा तास लागला. दारात पोचलीस तेव्हा ओठ निळे पडले होते. चार दिवस नाकाला नळी लावून तू दवाखान्यात पडलीस आणि टिक्का राहिलाच. तू विचारलंस, "वीरजी, एवढा धूर कुणाचा?" आणि मी म्हणालो, मक्खनचा.

मक्खनचा नव्हता. माझा होता.

इथे सगळ्यांना ठाऊक आहे, वरून फोटो काढणारा उपग्रह दुपारी जातो. म्हणून आम्ही शहाणे लोक चार वाजल्यावर पेटवतो. सरकारला दिसत नाही. पण संध्याकाळी हवा गार होते आणि धूर वर न जाता गावातच बसतो, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. तुझी बस किती वाजता येणार तेही माहीत होतं. वाटलं, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय. पेरणीची घाई होती, दुसरं काही कारण नाही.

मक्खनला सगळं माहीत आहे. त्याच्या बहिणीशी, गीबोशी तू बोलणं टाकलंस, लहानपणापासूनची तुझी मैत्रीण ती, तरी तो तोंडातून शब्द काढत नाही. एकदाच म्हणाला, "तुझी बहीण आहे, तूच सांग." त्याच्या चेष्टेचा मला राग येत नाही त्याचं कारण हे आहे. गीबो अजून विचारते, मिंदो कशी आहे? मी म्हणतो, बरी आहे. आणि मान खाली घालतो. मला फार लाज वाटते गं.

तुझ्या येण्यासाठीच मी पेटवणं सोडलं असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर आधी दंडाच्या भीतीने सोडलं आणि आता आवडायला लागलंय. नांगर नाही, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. पहाटे अंगणात चहा घेताना समोरची विहीर दिसते. जिंदर गच्चीवर कपडे वाळत घालते आणि त्यांवर काजळी बसत नाही. दोघंही खूश आहोत. तू नाहीस एवढंच.

तरीही या वर्षी येऊ नकोस. खोटं सांगून एकदा पाहिलं, आता नाही. आमची सात एकर जमीन स्वच्छ आहे, पण स्टँडच्या बाजूची रानं काल चारनंतर पेटलीच. तुझ्या छातीला ते झेपायचं नाही.

त्यापेक्षा मी येतो. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी टिक्का आहे. आदल्या दिवशी तुमच्या नंगलच्या बसमध्ये बसतो. जिंदर पिन्न्यांच्या लाडवांचा डबा देणार आहे. गीबोनेही काहीतरी बांधून दिलंय, काय ते तू उघडून बघ.

हे पत्र माझ्या आधी पोचेल. तुला विचार करायला वेळ मिळावा म्हणूनच पाठवतोय. टिक्का लावावासा वाटला तर लाव. नाही वाटला तर शिव्या घाल, मी ऐकून घेईन आणि परतीच्या बसने निघून जाईन. फक्त जिजाजींना पुढे करू नकोस. दार तूच उघड.

तुझा अपराधी,
बचित्तर वीर