कण्यावरून पलीकडे

१२ जानेवारी

प्रिय बा,

तुम्हा दोघांना, बा आणि मा, वाकून नमस्कार. मी बरी आहे आणि वेळेवर जेवते. फोनवर तुम्ही हेच दोन प्रश्न विचारता आणि उत्तर यायच्या आत फोन माच्या हातात देता, म्हणून या वेळी पत्र. हे काही तुम्हाला माच्याकडे सरकवता येणार नाही. तिचा चष्मा फुटलाय असं तुमचा लेक न्यान सांगत होता.

माझी मैत्रीण क्वी तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, घरी निघाली आहे, तिच्याबरोबर हे पाठवते. सा देकला पोचली की ती आधी आपल्याकडे येईल. तिला जेवू घाला. ती लाजून नको म्हणेल, पण अजिबात ऐकू नका. इथं ती माझ्या वाटचंही खाते. माला म्हणावं, मातीच्या भांड्यातली गोड-तिखट मासळी कर आणि क्वी जेवताना माझं नाव काढू नकोस, उगीच रडारड होते.

इथं थंडी आहे. बर्फ नाही, नुसती भुरभुर, आणि खाडीवर धुकं. न्यानचं मोबाइलचं दुकान सायगावात बरं चाललंय म्हणे. चांगलं आहे. तुम्ही पाठवलेला कागद पोचला. त्याचं पुढं लिहिते.

आधी अभ्यासाचं.

बा, तुम्ही गावभर सांगितलंय की होआय अमेरिकेत विद्यापीठात आहे. हे विद्यापीठ नाही. हे कम्युनिटी कॉलेज आहे, आणि ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्या एका बाजूला बसणारी मुलगी अजून शाळेत जाते आणि दुसऱ्या बाजूला डेस्मंड नावाचे निवृत्त पोस्टमन बसतात. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. तुम्हाला दिसतं, म्हणून तुम्ही चहाच्या टपरीवर ‘विद्यापीठ’ म्हणता आणि विषय बदलता.

आपलं ठरलं होतं ते असं. दोन वर्षं इथं हिशेब आणि व्यापार शिकायचा, मग पुढची दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, मग सायगावात काचेच्या इमारतीत नोकरी. माझे मार्क चांगले होते, ते तुम्ही पाहिलेत. विद्यापीठाचं होकाराचं पत्रही आलं. मा-ने ते देव्हाऱ्यात आजोबांच्या फोटोशेजारी ठेवलं आणि तुम्ही अख्ख्या आळीला बदक खाऊ घातलंत. इथपर्यंतचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

इथून पुढचं माहीत नाही. खाली बसा, बा. उभ्यानं वाचू नका.

हिशेबाच्या वर्गाला जायची वाट कॉलेजच्या होड्यांच्या कार्यशाळेवरून जाते. दार उघडं असायचं. आपल्या होड्यांच्या कारखान्यासारखा ताज्या लाकडी भुशाचा वास यायचा आणि माझे पाय तिथंच थांबायचे. पहिले काही महिने मी लांबच्या वाटेनं जात होते. खरंच. घरापासून इतकी लांब आले ती भुशापासून पळायला नव्हे, असं एक दिवस स्वतःलाच बजावलं आणि सरळ योलांडाबाईंकडे गेले. परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं त्या बघतात. आम्ही कुठले वर्ग घेतो, व्हिसा कशानं टिकतो, कशानं जातो, सगळं त्यांच्या बोटांवर असतं.

म्हटलं, “मला माझ्यापुढचे सगळे रस्ते सांगा. घरी ठरलेला सोडून.”

त्या हसल्या. “इथं येणारा प्रत्येक जण उलटं म्हणतो. घरी ठरलंय तेवढंच सांगा, म्हणतो.” मग त्यांनी सांगितलं. इथून विद्यापीठात जाणं हा एक रस्ता. दुसरा, इथंच दोन वर्षांची कामाची पदवी घेणं, मग ती दातांच्या दवाखान्याची असो, विमानाच्या इंजिनाची असो की होड्यांची. तिसरा, एका वर्षाचं प्रमाणपत्र. पदवी घेतली तर त्यानंतर त्याच कामात एक वर्ष नोकरी करायची परवानगी मागता येते. आमच्यासारख्यांना वर्ग कमी घ्यायची मुभा नाही आणि रस्ता बदलला तर तो व्हिसाच्या कागदांवरही बदलून घ्यावा लागतो. “ते माझं काम,” त्या म्हणाल्या. “घरी विचारलंस?”

“नाही.”

“विचारणार आहेस?”

“सांगणार आहे.”

“तू सज्ञान आहेस, मला तुझ्या वडिलांची परवानगी लागत नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्यांचा फोन आला तर मी घेणार नाही हं. मागच्या वर्षी एका मुलाच्या वडिलांनी मला दुसऱ्या खंडातून रोज शिव्या घातल्या.”

तर बा, मी गेल्या वसंतापासून होड्या बांधायला शिकते आहे. हिशेब सोडला. पाठोपाठ विद्यापीठालाही नकार कळवला. कुणी फूस लावली नाही. परीक्षेत नापास झाले नाही. कुणी मुलगा नाही. (माचा पहिला प्रश्न तोच असेल, म्हणून लिहिलं.)

आता तुम्ही पत्र टेबलावर आपटलं असेल. उचला. अजून बरंच आहे.

तुम्ही म्हणाल, होड्याच शिकायच्या होत्या तर बापाच्या अंगणात शिकली असतीस. बा, तुम्ही शिकवलंत का? न्यानच्या हातात रंधा दिलात तेव्हा त्याला तो नको होता. तो रंध्याचा मोबाइल करून खेळायचा. मी मागितला तेव्हा म्हणालात, “जा, माला तांदूळ निवडू लाग.” जे शिकले ते लांबून बघून शिकले, आणि लांबून बघितलेलं किती अर्धवट असतं ते इथं येऊन कळलं.

त्याची गंमत सांगते. इथं फळी वाकवायला वाफेच्या लांब पेटीत ठेवतात. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. हॉग्लंड मास्तरांना म्हटलं, आमच्याकडे असं नसतं, आमचे बा फळी विस्तवावर धरतात, वरून पाणी मारत राहतात आणि वजन टांगून हवी तशी वळवतात. म्हातारा म्हणाला, “दाखव.” बाहेर अंगणात विस्तव केला. सगळा वर्ग गोळा झाला. मी तुमच्यासारखे डोळे बारीक करून उभी राहिले, तुमच्यासारखंच ओरडून पाणी मागत होते. आपल्या साओ लाकडाला विस्तव सोसतो, बा. इथलं सीडर पापडासारखं करपलं आणि मधोमध फाटलं. हॉग्लंड मास्तर जवळ येऊन वास घेत म्हणाले, “छान. आता यावर मीठ घालूया का?” ती फळी त्यांनी भिंतीला टांगली. तिथं आधीच्या वर्गांची शहाणी मंडळीही टांगलेली आहेत. मला इतकं हसू आलं की बस. तुमची पद्धत चुकीची नाही आणि त्यांचीही नाही, पण लाकूड बघायचं असतं, हे मला कुणीतरी शिकवायला हवं होतं.

आणि प्लॅस्टिकच्या होड्या. तुम्ही त्यांना बादल्या म्हणता. आपल्या नदीवर आता निम्म्याहून जास्त बादल्याच आहेत, बा, आणि त्या फुटल्या की लोक वर डांबर थापून पुढं जातात, कारण दुरुस्त करणारं कुणी नाही. मला ते येतं. इंजिन उघडता येतं, जोडता येतं. लाकडाच्या होडीला गिऱ्हाईक नाही म्हणून तुम्ही हात टेकलेत. बादलीवाला गिऱ्हाईक दारावरून रोज जातो, त्याला तुम्ही हाक मारत नाही इतकंच.

आता जे सांगायचं टाळते आहे ते.

मी कण्यावरून गेले.

आमच्या वर्गाची होडी कार्यशाळेच्या मधोमध होती. ठोकळ्यांवर तिच्या तळाचा कणा मांडला त्या दिवसापासून मी त्याला वळसा घालून जायची. हातात फळ्या आवळायची पकड असो की आठ फुटी फळी असो, गोल फिरून. डेस्मंड म्हणायचे, “झाली का पोरीची प्रदक्षिणा? आता कामाला लागूया.” एकदा हॉग्लंड मास्तरांनी विचारलं, “पाय दुखतो का तुझा?” मी सांगितलं. आमच्याकडे बाईमाणसानं कण्यावरून जायचं नाही, होडी बुडते. ते हसले नाहीत. म्हणाले, “ही होडी तुझीही आहे. तू ठरव.”

बा, लहानपणी पतंगामागं धावताना मी कण्यावरून उडी मारली होती, आठवतं? तुम्ही मला मारलं नाहीत. काम थांबवलंत, होड्यांच्या धंद्याच्या मूळ कारागिराच्या देव्हाऱ्यापुढं उदबत्त्या लावल्यात आणि सगळ्या कामगारांसमोर माझ्यासाठी माफी मागितलीत. मार चालला असता मला. त्या दिवसापासून कारखान्यात शिरताना माझं लक्ष लाकडाकडे नसायचं, स्वतःच्या पायांकडे असायचं. संध्याकाळी तुम्ही माला म्हणालात, “ही पोरगा असती तर माझी काळजी मिटली असती.” मी मोरीत पाय धूत होते. मला ऐकू आलं.

ऑक्टोबरात एका दुपारी फळीला गोंद लावलेला होता, ती डेस्मंडच्या हातून सुटत होती, ते ओरडले, “होआय, पकड, लवकर!” मी गेले. सरळ, मधून. फळी धरली, पकड आवळली, आणि मग लक्षात आलं की मी पलीकडे उभी आहे.

घाईत गेले असं सांगून सुटता आलं असतं. म्हणून काम झाल्यावर मागं वळले आणि मुद्दाम त्यावरूनच परत आले. कुणाचंही लक्ष नव्हतं. एकटीच मोठ्यानं हसले.

डिसेंबरात ती पाण्यात सोडली. तरंगते, बा. थेंबभर पाणी आत येत नाही. उजवीकडची तिसरी फळी माझी आहे.

आता तो कागद.

जमीन घराच्या नावावर आहे, म्हणून विकायला घरातल्या चौघांचीही सही लागते. तुमची झाली, माची झाली, न्यानची झाली. माझी तेवढी वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर करून पाठवायची, म्हणजे तेत झाला की कारखान्याची जागा बागेत कॉफीचं हॉटेल चालवणाऱ्या त्या बागेवाल्याला देता येईल आणि माझी विद्यापीठाची दोन वर्षं निघतील. न्याननं फोनवर सगळं सांगितलं. तो बागेवाला म्हणे जुन्या होड्या उलट्या टांगून त्याखाली खुर्च्या मांडणार आहे. लोक फोटो काढतील.

मी वकिलातीत गेले नाही. जाणारही नाही.

माझ्यासाठी विकताय, हे मला कळतं. त्यामुळेच राग जास्त येतो. मागच्या महिन्यात मी नुसतं विचारलं, “बा, मी परत येऊन कारखाना बघितला तर?” तर तुम्ही म्हणालात, “मी आयुष्यभर राळेत हात घातले ते तूही घालावेस म्हणून?” आणि फोन माच्याकडे दिलात. त्यामुळे माझं उत्तर ऐकायचं तुमचं राहिलं. ते असं. हो. तुम्हाला कमीपणा वाटत असेल त्या हातांचा, मला वाटत नाही. माझेही आता तसेच झालेत. इथल्या साबणानं राळ जात नाही.

ज्या विद्यापीठासाठी जागा विकायची ते मी घेतलं नाही. तेव्हा विकायचं कारणच उरलं नाही. दुसरं कुठलं कारण असेल, गुडघे दुखत असतील, कंटाळा आला असेल, आता सोडायचंच असेल, तर तसं सांगा. माझं नाव पुढं करू नका. माझ्या भल्यासाठी माझाच वाटा विकायला मी परवानगी देत नाही.

बागेवाल्याला खुशाल सांगा की मुलगी अडून बसली आहे. गावात सांगा की अमेरिकेत जाऊन बिघडली. टपरीवरच्यांना हवं ते म्हणू दे. जूनमध्ये माझी पदवी होते. मग इथल्याच एका दुरुस्तीच्या धक्क्यावर वर्षभर काम करायचं ठरवलंय, परवानगीचा अर्ज योलांडाबाई बघताहेत. त्यानंतर मी घरी येणार आहे. पाहुणी म्हणून नाही.

आले की न विचारता आत शिरेन आणि वळसा घालणार नाही. तुम्हाला उदबत्त्या लावायच्या असतील तर लावा, पण माफी मागू नका. मूळ कारागिराला सांगा, ही माझी मुलगी आहे, ही आता इथं काम करणार आहे. ते तुमच्या तोंडून निघत नसेल तर बाजूला व्हा, माझं मी सांगेन.

माला जवळ घेतल्याचं सांगा. तुम्हालाही घेतलं असतं, पण तुम्ही आत्ता चिडलेले असाल.

न विकलेल्या कारखान्यातली चौथी वाटेकरीण,
तुमची मुलगी,
होआय