नैरोबीचा कौल

बाबा, तुमचं छावणीतलं शिलाईचं दुकान आज फार आठवतंय. ज्या पलटणीचे गणवेश तुम्ही शिवायचात ती हलली, तेव्हा तुम्हीही तिच्यामागं जायला निघाला होतात. आधी घरच्या देवाला कौल लावलात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवलीत. उजवं आधी पडलं तर जा, डावं पडलं तर नको. डावं पडलं. तुम्ही बांधलेलं मशीन गुपचूप सोडायला लागलात. मी म्हटलं, "परत एकदा लावा ना." केवढे ओरडलात! "ऐकायचं नसेल तर विचारायचं कशाला?"

आता मी गाझियाबादला असते. मुलगा आणि सून इस्पितळांची बिलं आणि विम्याचे कागद करून देणारी कंपनी चालवतात. हिशेब मी बघते, मॅट्रिक असून कागदोपत्री डायरेक्टर आहे. परदेशात पहिलं ऑफिस काढायचं ठरलं, नातीसकट ते सगळे तिकडे जाणार, मी इथंच राहणार. सून म्हणाली, "आई, नैरोबीच. आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तिथं इस्पितळ उघडतंय. आपलं काम काही खोक्यात भरून पाठवता येत नाही, त्यांच्या शेजारी बसूनच करावं लागतं." तिथं जाऊन ती सगळं बघूनही आली होती. मी मात्र दुबई धरून बसले. तिथून त्यांना सणासुदीला घरी येणं सोपं, आणखी काय?

"अरे यार आई, भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेता आणि दुबईचं भाडं चालतंय तुम्हाला?" सून म्हणाली. सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, "देवाला विचारू."

दुसऱ्या दिवशी ते कामाला गेल्यावर मी नैरोबीसाठी कौल लावते. फुलं नीट चिकटतही नाहीत तोच उजवं पडतं. मी बघत बसते. संध्याकाळी चप्पल काढता काढता सून विचारते, "काय म्हणाले देव?"

"डावं पडलं."

भांडली असती तर बरं झालं असतं. देवळाबाहेर चपला सांभाळत उभी राहणारी ती, म्हणाली, "तुमची श्रद्धा आहे, मी वाद नाही घालणार. चलो, दुबई." इस्पितळाला नकाराचा फोनही तिनंच केला. ते काम दुसऱ्या कंपनीनं घेतलं. नंतर बराच वेळ ती गॅलरीत एकटीच उभी होती.

पूजा चालू आहे, पण देवाच्या तोंडाकडे बघवत नाही. तुमच्या फोटोकडे तरी कुठल्या तोंडानं बघू? बरंय, हे पत्र कुठं टाकायचंच नाहीये. दुबईच्या कागदांवर काल सही केली. खरं सांगू, बाबा? सही करताना मला आनंदच झाला.