डग्गा आज फाटला कसा नाही?

सौंसर, ८ जानेवारी १९८६, संध्याकाळ

कळूनच नाही राहिलं. बायकोच्या भावानं दिलेले चार ओहमचे स्पीकर उद्याच्या बसनं नागपूरला परत पाठवायचे, म्हणून शेवटचे लावून पाहिले. महिनाभर रोज संध्याकाळी तबल्याच्या कॅसेटवर डग्ग्याचा ठोका आला की आवाज फाटायचा. माझा अ‍ॅम्प्लिफायर आठ ओहमच्या स्पीकरांसाठीचा, चार ओहमचे जास्त करंट ओढतात, या जड स्पीकरांपुढे त्याचा दम तुटतो, असंच धरून चाललो होतो. आज मात्र डग्गा गोल घुमला. मी तर एक तारही हलवली नव्हती! मग फरक कशाचा?

बायको चहा घेऊन आली. म्हणाली, "बल्ब पाहा ना कसा लख्ख जळून राहिला. संत्र्याचे बगीचे बहरासाठी ताणावर टाकले लोकायनं. पाणी बंद, मोटरा बंद."

म्हणजे व्होल्टेज! मोटरा बंद, म्हणून आज लाइनीत पूर्ण आलं. रोज बगीच्यातून शाळेत जातो अन् मला सुचू नये? दम लाइनीचा तुटत होता, की अ‍ॅम्प्लिफायरचाही? बगीच्यांना पुन्हा पाणी सोडल्यावर मीटर लावून पाहतो. तोच डग्गा तीनदा ऐकला.

"म्हंजे स्पीकर आता इथंच राहून राहिले," ती म्हणाली. "पण माह्या भावाले 'तुझे डबे भंगार' म्हनून तुमी परवा पत्र टाकलं, त्याचं काय?"